टायटर भरघोस, पेशी कोऱ्या: नाशिकच्या एका प्रयोगशाळेतील एएव्ही-६ बॅचचे प्रकरण

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात सिकलसेलच्या जनुकदुरुस्तीवर काम चालते. मे महिन्यात तिथे तयार झालेल्या एएव्ही-६ व्हेक्टरचे (पेशीत डीएनए पोचवणाऱ्या विषाणूचे) टायटर, म्हणजे मिलीमागे मोजलेली संख्या, जानेवारीच्या बॅचच्या दुपटीहून जास्त भरले, पण तो व्हेक्टर दिलेल्या पेशींत काहीच उमटले नाही. पुढचे काही आठवडे गाइड आरएनए, म्हणजे कापाची जागा दाखवणारा रेणू, बदलण्यात गेले. दोष मात्र दुसरीकडे होता, आणि एका जागी नव्हता, दोन जागी होता. एका दोषाने दुसरा झाकला गेला म्हणून तो लवकर सापडला नाही.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा प्रयोगशाळांत वेगवेगळ्या वेळी होणाऱ्या चुका इथे एका बॅचभोवती मांडल्या आहेत. आकडेही या कामात प्रत्यक्ष येतात त्या टप्प्यातले घेतले आहेत, ते कोणत्या एका संस्थेचे नाहीत.

काम काय होते

सिकलसेलच्या मुळाशी बीटा ग्लोबिन जनुकातला एका अक्षराचा बदल आहे. सहाव्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) जीएजीच्या जागी जीटीजी येते आणि ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसते. सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या आदिवासी तालुक्यांमुळे नाशिक जिल्ह्याला हा आजार परका नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर तपासणी, समुपदेशन आणि उपचार यांवर आहे. जनुकदुरुस्तीचा पहिला क्रिस्पर उपचार, कॅसजेव्ही, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. अमेरिकेतली त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. हा उपचार चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाही. तो बीसीएल-११ए जनुकाचा एन्हान्सर (त्याचे काम वाढवणारा डीएनएचा भाग) तोडतो, त्यामुळे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते.

अक्षरच दुरुस्त करायचे तर वाट वेगळी. डीएनए कापणारे कॅस-९ प्रथिन आणि गाइड आरएनए यांची जोडी विद्युत-झटक्याने पेशीत घालायची, बीटा ग्लोबिनवर काप पडला की दुरुस्तीसाठी लागणारा नमुना, म्हणजे डोनर डीएनए, एएव्ही-६ मधून पुरवायचा. या वाटेवरही काटे आहेत. ग्राफाइट बायो या अमेरिकन कंपनीने याच पद्धतीची चाचणी जानेवारी २०२३ मध्ये थांबवली, कारण उपचार घेतलेल्या पहिल्याच रुग्णाच्या रक्तपेशी दीर्घकाळ कमी राहिल्या. डोनर व्हेक्टर किती आणि कसा द्यायचा हा प्रश्न त्यामुळे अजून उघडा आहे, आणि तो के-५६२ सारख्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या रक्तकर्करोगाच्या साध्या पेशींत अभ्यासण्याजोगा आहे.

नाशिकच्या गटाचे उद्दिष्ट एवढेच होते. बीटा ग्लोबिनच्या जागी जीएफपी (हिरवे चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक) बसवायचे आणि डोनरची मात्रा बदलली की किती पेशींत ते टिकते, हे पाहायचे. के-५६२ या सिकलसेलच्या पेशी नव्हेत, ही फक्त तालीम आहे. गटप्रमुखांनी हे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहिले होते, हे चांगले केले. ज्या जिल्ह्यात रुग्ण आहेत तिथे अशा कामाची बातमी फार लवकर ‘उपचार सापडला’ म्हणून पसरते.

डोनर प्लाझ्मिडची, म्हणजे डोनर वाहणाऱ्या गोल डीएनएची, रचना अशी: दोन्ही बाजूंना बीटा ग्लोबिनशी जुळणारे सुमारे ९०० बेसजोड्यांचे हात, मध्ये जनुक चालू करणारा एसएफएफव्ही प्रमोटर, जीएफपी आणि जनुकाचा शेवट दाखवणारा पॉलि-ए. हे सगळे दोन आयटीआरच्या, म्हणजे एएव्ही जीनोमच्या टोकांच्या रचनांच्या, कुंपणात. कुंपणासकट लांबी ४.२ हजार बेसजोड्या. एएव्हीची क्षमता साधारण ४.७ हजार, म्हणजे तिथे अडचण नव्हती. उरलेला सांगाडा २.८ हजार, एकूण प्लाझ्मिड ७ हजार.

जीएफपीला स्वतःचा प्रमोटर असल्याचा एक मोठा फायदा आहे. व्हेक्टर पेशीत पोचला की कापाशिवायही दोन दिवसांत पेशी हिरव्या दिसतात. दोन आठवड्यांत पेशी वाढत राहतात, न बसलेला व्हेक्टर पातळ होत जातो, आणि ज्यांच्यात डोनर जनुकसंचात बसला त्याच बहुतेक हिरव्या राहतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचे वाचन व्हेक्टरबद्दल बोलते आणि चौदाव्या दिवसाचे वाचन जनुकबदलाबद्दल. हा फरक ध्यानात ठेवला असता तर पुढचा बराच खटाटोप वाचला असता.

बॅच कशी बनली

व्हेक्टर बनवणाऱ्या एचईके-२९३टी पेशी, १५ सेंमीच्या पाच डिश, ७० ते ८० टक्के भरलेल्या. प्रत्येक डिशला १० मायक्रोग्रॅम डोनर प्लाझ्मिड, १० मायक्रोग्रॅम रेप-कॅप प्लाझ्मिड (रेप जीनोमच्या प्रती काढते, कॅप कवच बनवते; कॅप एएव्ही-६ चे) आणि २० मायक्रोग्रॅम हेल्पर प्लाझ्मिड. एडिनोव्हायरसची ई-१ जनुके या पेशींत आधीच असतात, ई-२ए, ई-४ आणि व्हीए आरएनए हेल्परमधून येतात. पीईआय हे डीएनए पेशीत नेणारे रसायन डीएनएच्या तिप्पट वजनाने, सीरम नसलेल्या डीएमईएममध्ये मिसळून १५ ते २० मिनिटे ठेवलेले. ७२ तासांनी पेशी गोळा करून तीनदा गोठवून-वितळवून फोडल्या. नंतर मोकळे डीएनए खाणारे बेन्झोनेज एन्झाइम, मग ८ टक्के पीईजी-८००० आणि ०.५ मोलर मीठ घालून अवक्षेप, क्लोरोफॉर्मने सफाई, आणि शेवटी १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून एकवटून १.५ मिली पीबीएसमध्ये साठवण.

पीईआयचे प्रमाण, पेशींचे पॅसेज, मायकोप्लाझ्माची तपासणी यांत दोन्ही बॅचना काही उणे नव्हते. त्यावर जास्त लिहीत नाही. प्रयोगशाळेत अल्ट्रासेंट्रिफ्यूज नाही. विषाणू घनतेनुसार वेगळा करणारा आयोडिक्सॅनॉलचा ग्रेडियंट फिरवायचा तर पुण्याला वेळ मागावी लागते, पाच-सहा तासांचा रस्ता आणि कोरड्या बर्फाची सोय पाहावी लागते. म्हणून पीईजी-क्लोरोफॉर्मची पद्धत निवडली. संशोधनापुरती ती चालते, पण तिची एक मर्यादा आहे आणि या प्रकरणात तीच महागात पडली. पीईजी आणि मीठ विषाणूबरोबर डीएनएही खाली बसवतात, आणि ७ हजार बेसजोड्यांचे प्लाझ्मिड १०० किलोडाल्टनच्या गाळणीतून जात नाही. ग्रेडियंट किंवा ॲफिनिटी कॉलम असेल तर उरलेले प्लाझ्मिड बरेचसे वेगळे होते. इथे ते काढण्याची सगळी जबाबदारी एकट्या बेन्झोनेजवर येते.

जानेवारीच्या बॅचचे टायटर मिलीमागे ६० हजार कोटी व्हेक्टर जीनोम आले. मेच्या बॅचचे १.३ लाख कोटी. के-५६२ वर जानेवारीचा व्हेक्टर दिला तर दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त पेशी हिरव्या झाल्या होत्या. मेचा व्हेक्टर त्याच हिशेबाने, पेशीमागे ५० हजार जीनोम धरून दिला, तर पेशींचा प्रकाश मोजणाऱ्या फ्लो यंत्रावर न दिलेल्या पेशींत आणि यांत फरक दिसेना.

संशय आधी चुकीच्या जागी

‘मॅडम, टायटर तर छान आलंय, गाइड बदलून बघू का?’ असा प्रश्न पीएचडीच्या विद्यार्थ्याने विचारला आणि मार्गदर्शकांनी होकार दिला. कारण समजण्यासारखे आहे. गाइड आरएनएची नवी खेप मेमध्येच आली होती, ती उन्हात कुठे अडकली असेल असे वाटणे साहजिक. पण कापाच्या जागेचे सीक्वेन्सिंग करून पाहिले तर ७० टक्क्यांच्या आसपास प्रतींत तुटीच्या खुणा सापडल्या. काप उत्तम पडत होता. तरी दोन नवे गाइड मागवले गेले.

इथे थांबून विचारायचा प्रश्न साधा होता: गाइडशिवाय, नुसता व्हेक्टर दिलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी हिरव्या आहेत का? नव्हत्या. म्हणजे कॅस-९ चा या अपयशाशी संबंधच नाही. एसएफएफव्ही प्रमोटर असलेला व्हेक्टर पेशीत शिरला असेल तर प्रकाश दिसलाच पाहिजे. तो दिसत नाही, म्हणजे एकतर व्हेक्टर शिरत नाही किंवा व्हेक्टरच नाही. त्याच वेळी जानेवारीच्या बॅचची उरलेली एक नळी त्याच पेशींवर घालून पाहिली आणि त्या हिरव्या झाल्या. पेशी ठीक होत्या. उरला मेचा व्हेक्टर.

आकड्याची झडती

टायटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी एक गणित प्रत्येक गटाने करावे. १ नॅनोग्रॅम डीएनएमध्ये किती प्रती असतात हे काढायला ६.०२२ गुणिले १० चा २३वा घात या संख्येला बेसजोड्या गुणिले ६५० गुणिले १०० कोटी यांनी भागतात. ७ हजार बेसजोड्यांच्या प्लाझ्मिडसाठी उत्तर १३.२ कोटी येते. म्हणजे १० मायक्रोग्रॅममध्ये १.३२ लाख कोटी प्रती, आणि पाच डिशमध्ये मिळून ६.६ लाख कोटी प्रती आपण स्वतःच्या हाताने ओतलेल्या असतात.

आता मेची बॅच: १.३ लाख कोटी गुणिले १.५ मिली, म्हणजे साधारण २ लाख कोटी. ओतलेल्या प्लाझ्मिडच्या जेमतेम ३० टक्के. टायटर क्यूपीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीने, काढतात. तिचे प्राइमर (मोजायचा भाग ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) जीएफपीवर बसतात आणि जीएफपी जसे विषाणूच्या आत आहे तसे प्लाझ्मिडवरही आहे. मशीनला दोन्ही सारखेच. पिंपळगावच्या बाजारात द्राक्षांबरोबर क्रेटचेही वजन धरून पट्टी करावी, तसा हा हिशेब. त्यामुळे पाच डिशमधून अचानक दुप्पट माल निघाला तर आनंद होण्याआधी शंका यायला हवी.

शंका तपासायची सर्वांत भरवशाची वाट म्हणजे रेप-कॅप नसलेली बॅच. एक डिश नेहमीसारखी, दुसऱ्या डिशमध्ये रेप-कॅपऐवजी तेवढ्याच वजनाचे दुसरे निरुपद्रवी प्लाझ्मिड. बाकी सगळे तेच: तीच ७२ तासांची वाट, तेच बेन्झोनेज, तीच गाळणी, तेच क्यूपीसीआर. कॅप नाही म्हणजे कवच नाही, कवच नाही म्हणजे व्हेक्टर नाही. या नमुन्यात जे काही दिसेल ते प्लाझ्मिड. नाशिकच्या गटाने मेचीच कृती वापरून ही जोडी केली. नेहमीच्या बॅचमध्ये मिलीमागे १.३ लाख कोटी, रेप-कॅप नसलेलीत १.१ लाख कोटी. दोघांत क्यूपीसीआरच्या नेहमीच्या चढउताराएवढाच फरक.

मग दोन्ही डीएनए-भक्षक टप्पे उलगडून पाहिले.

पहिला टप्पा बेन्झोनेजचा. जानेवारीच्या वहीत क्रम असा होता: पेशी फोडणे, २ मिलिमोलर मॅग्नेशियम, मिलीमागे ५० युनिट बेन्झोनेज, ३७ अंशावर एक तास, त्यानंतर मीठ आणि पीईजी. मेमध्ये व्हेक्टरच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ०.५ मोलर मीठ आधी घातले आणि बेन्झोनेज नंतर. हेतू चांगला, परिणाम वाईट. मीठ वाढले की हे एन्झाइम मंदावते, आणि ०.५ मोलरला फारच थोडे काम करते. पेशी फुटल्यावर लाळेसारखा चिकट झालेला द्रव बेन्झोनेजनंतर पाण्यासारखा वाहू लागला पाहिजे. मेच्या वहीत ‘द्रव अजून चिकट’ अशी नोंद सापडली. नोंद होती, तिच्यावर कोणी बोट ठेवले नव्हते.

दुसरा टप्पा टायटर मोजण्याआधीच्या डीएनेजचा. तो खरा पहारेकरी. कवचाबाहेरचे डीएनए खाऊन टाकायचे, मग डीएनेज बंद करायचा, मग कवच उघडून आतला जीनोम मोजायचा. मेमध्ये १ युनिट डीएनेज-१ थेट पीबीएसमधल्या नमुन्यात घातला होता, त्याचा स्वतःचा बफर न घालता. या एन्झाइमला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही लागतात, आणि पीबीएसमधल्या मिठानेही त्याची धार बोथट होते. वेळ १५ मिनिटे, कारण कृती आरएनए शुद्धीकरणाच्या किटमधून उचललेली. तिथे डीएनएचा फक्त अंश काढायचा असतो. इथे मायक्रोग्रॅमांनी प्लाझ्मिड आणि शिवाय पेशींचे जनुकद्रव्य, तेही त्याच एन्झाइमसाठी भांडणारे.

एक बारीक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. क्यूपीसीआरचा तुकडा ८० ते १०० बेसजोड्यांचा असतो. प्लाझ्मिड अर्धवट खाल्ले जाऊन २००-३०० बेसजोड्यांचे तुकडे झाले, तर जेलवर ते दिसेनासे होते, पण क्यूपीसीआरला ते पूर्ण प्लाझ्मिडइतकेच दिसते. म्हणून ‘जेलवर डीएनए दिसत नाही’ हा पुरावा नव्हे.

पुरावा असा घ्यावा. नमुन्याच्याच बफरमध्ये १०० कोटी प्रती शुद्ध प्लाझ्मिड टाकायचे, डीएनेज द्यायचा, आणि डीएनेज न दिलेल्या जोडीदाराशी सीटीची (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसू लागतो त्या चक्राच्या क्रमांकाची) तुलना करायची. सीटी किमान १० ने पुढे गेली पाहिजे, म्हणजे हजारपट घट. मेच्या कृतीने ती जेमतेम १ ने हलली. बफर घालून, १० युनिट, ३७ अंशावर एक तास असे केल्यावर ती १३ ने सरकली.

सुधारलेल्या डीएनेजने मेच्या मूळ बॅचचे टायटर पुन्हा मोजले: मिलीमागे २ हजार कोटी. रेप-कॅप नसलेली जोडी: ३० कोटी. आता दोघांत साठ-सत्तर पटींचे अंतर होते आणि आकडा बोलू लागला. पेशीमागे ५० हजार जीनोम दिल्याचे जे समजत होते, ते प्रत्यक्षात आठशेच्याही खाली होते. पेशी कोऱ्या राहिल्या यात नवल नव्हते.

डीएनेज बंद करणेही तितकेच महत्त्वाचे. तो जिवंत राहिला तर कवच उघडताक्षणी आतला जीनोम खातो, आणि मग उलटी चूक होते, टायटर खोटे कमी दिसते. आधी ५ मिलिमोलर ईडीटीए, मग प्रोटीनेज-के ५५ अंशावर, मग ९५ अंशावर १५ मिनिटे. त्यानंतर नमुना किमान शंभरपट पातळ करावा, नाहीतर ईडीटीए क्यूपीसीआरमधले मॅग्नेशियमही पकडतो. मानक वक्रासाठी (ज्ञात प्रतींशी तुलनेसाठी) प्लाझ्मिड एकदा कापून सरळ केलेले घ्यावे. पीळदार गोल प्लाझ्मिड सुरुवातीच्या चक्रांत नीट उघडत नाही, मानक उशिरा दिसते आणि नमुन्याचे टायटर फुगते.

मग खरा व्हेक्टर इतका कमी का?

मोजमाप सुधारल्यावर दुसरा प्रश्न समोर आला. जानेवारीत ६० हजार कोटी, मेमध्ये २ हजार कोटी. बेन्झोनेजचा क्रम व्हेक्टर कमी करत नाही. उत्पादनच पडले होते.

पाच डिश, तेच पीईआय, त्याच पेशी. बदलले होते ते डोनर प्लाझ्मिड: जानेवारीचा साठा संपल्यावर एप्रिलअखेर त्याच ग्लिसरॉल स्टॉकमधून (गोठवलेल्या जिवाणूंतून) नवी मॅक्सिप्रेप, म्हणजे प्लाझ्मिडची मोठी खेप, केली होती. आयटीआर ही एएव्हीच्या दोन्ही टोकांची १४५ बेसची रचना. स्वतःवरच दुमडून ती टीच्या आकाराची होते, आणि रेप प्रथिन तिलाच पकडून जीनोमची प्रत काढून कवचात भरते. ई. कोलायला असे दुमडणारे डीएनए सोसत नाही. एसबीसीसीडी नावाचे एन्झाइम त्यावर कात्री चालवते, आणि ज्या प्लाझ्मिडमधून आयटीआरचा तुकडा गळून पडतो ते जोमाने वाढते. रात्रभरात गळका प्लाझ्मिड खऱ्यावर मात करतो. वजन, शुद्धता, २६०/२८० गुणोत्तर, जीएफपीचे सीक्वेन्सिंग, सगळे ठीक दिसते.

तपासणी स्मा-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमची. प्रत्येक आयटीआरमध्ये त्याचे कापण्याचे ठिकाण आहे. आपल्या इन्सर्टमध्ये ते नाही ना, हे आधी नकाशावर पाहावे. या प्लाझ्मिडमध्ये नव्हते. दोन्ही आयटीआर शाबूत असतील तर १ टक्का जेलवर ४.२ आणि २.८ असे दोन बँड. एक आयटीआर गेला तर ७ हजारांचा एकच सरळ बँड. मिश्रण असेल तर तीन. एप्रिलच्या प्रेपमध्ये ७ हजारांचा बँड सर्वांत जाड होता.

नाशिकच्या उन्हाळ्यात या चाचणीतच एक फसगत होऊ शकते. स्मा-वन २५ अंशावर काम करते, ३७ ला ते लवकर मरते. ‘रूम टेंपरेचर’ म्हणून नळी टेबलावर ठेवली आणि खोली ३५ अंशावर असली, तर अर्धवट कापाचा ७ हजारांचा बँड दिसतो आणि चांगले प्लाझ्मिड वाईट ठरते. पीसीआर मशीनवर २५ अंश लावून दोन तास ठेवावे. बाजूला आयटीआर शाबूत असल्याची खात्री असलेले जुने प्लाझ्मिड चालवावे. इथे जानेवारीच्या प्रेपचा उरलेला थेंब कामी आला, त्याने दोनच बँड दिले. ही चाचणी छोटा बदल पकडेलच असे नाही. कापाच्या जागा राहून इतरत्र काही बेस गळाले तर ती गप्प राहते. साधे सँगर सीक्वेन्सिंग आयटीआरच्या दाराशीच बंद पडते, त्यासाठी जीसी-बहुल भागांची खास कृती मागावी लागते. पण एका दुपारी, स्वतःच्या टेबलावर, बॅच सुरू करण्याआधी करता येणारी याहून चांगली चाचणी नाही.

ग्लिसरॉल तोच, स्टेबल-३ जातीचे जिवाणू तेच, कृतीत ३० अंश लिहिलेले तेच. मग गळती एप्रिलमध्येच का वाढली? शेकर तपासला. तो फक्त तापवणारा होता, गार करणारा कॉम्प्रेसर त्यात नाही. असा शेकर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, उलट मोटरची उष्णता दोन-तीन अंश वाढवते. जानेवारीत नाशिकची रात्र गार, ३० अंश सहज सांभाळले जातात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो, बंद प्रयोगशाळा रात्रीही तापलेली राहते. या मॉडेलच्या पडद्यावर प्रत्यक्ष तापमान नव्हे, लावलेला आकडाच झळकत राहतो. फ्लास्कमध्ये पाणी भरून आत थर्मामीटर सोडला तेव्हा पडद्यावर ३० आणि पाण्यात ३६ अंश. त्यात स्टार्टर कल्चर वीस तास चाललेले, म्हणजे गळक्या प्लाझ्मिडला वाढायला भरपूर अवधी.

कारण एवढेच आहे असे गृहीत न धरता गटाने त्याच ग्लिसरॉलमधून सहा वसाहती उचलल्या आणि प्रत्येक दोन तापमानांना वाढवली. खऱ्या ३० अंशावर सहाही दोन बँडच्या. ३७ अंशावर तिघींत ७ हजारांचा बँड उगवला. तापमान हा मुख्य गुन्हेगार म्हणायला एवढे पुरे.

काय बदलले

नवा गार करणारा शेकर घ्यायला पैसा नव्हता. जुना शेकर एसीच्या छोट्या खोलीत हलवला, एसी २४ अंशावर, आणि फ्लास्कच्या शेजारी पाण्याच्या फ्लास्कमध्ये कायमचा थर्मामीटर. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी किंवा वळवाच्या पावसात वीज गेली तर एसी बंद पडतो, जनरेटरवर फक्त इनक्युबेटर आणि उणे ८० चा फ्रीझर आहेत. म्हणून मॅक्सिप्रेप शक्य तितक्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत उरकायच्या ठरल्या. १ मिलिग्रॅम डोनर प्लाझ्मिड १०० डिशना पुरते, तेव्हा हे अवघड नाही.

वसाहत निवडताना मोठ्या टपोऱ्या नव्हे, बारीक वसाहती घ्यायच्या, कारण गळके प्लाझ्मिड वाहणाऱ्या बहुधा जोरात वाढतात. स्टार्टर आठ तासांपेक्षा जास्त नाही. आणि प्रत्येक प्रेपचा स्मा-वन जेलचा फोटो वहीत चिकटवल्याशिवाय ते प्लाझ्मिड ट्रान्सफेक्शनला (पेशींत घालायला) द्यायचे नाही. विद्यार्थ्यांना हा शेवटचा नियम जाचक वाटतो. पण एका बॅचला लागणारे सीरम, पीईआय, गाळण्या आणि आठवडाभराची मेहनत पाहता तो सगळ्यांत स्वस्त नियम आहे.

रेप-कॅप नसलेली एक डिश आता प्रत्येक बॅचबरोबर चालते. क्यूपीसीआरमध्ये जीएफपीसोबत अँपिसिलिन-रोधक जनुकाचे प्राइमरही लावतात. ते सांगाड्यावर असल्यामुळे व्हेक्टरमध्ये फारसे नसायला हवे. काही टक्के आढळले तर समजण्यासारखे, कारण आयटीआरच्या दुसऱ्या बाजूनेही थोडी भरणी होते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर समोर प्लाझ्मिड आहे. अंतिम बफरमध्ये ०.००१ टक्का प्लुरोनिक एफ-६८ घालतात, नाहीतर पातळ व्हेक्टर नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतो. व्हेक्टर छोट्या नळ्यांत विभागून उणे ८० ला ठेवतात, एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवत नाहीत.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे कामाचा बदललेला आराखडा पुन्हा ठेवावा लागला. १९८९ च्या नियमांनुसार अशा पुनर्संयोजित कामाला समितीची मान्यता लागतेच, आणि समितीवर जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. त्या बैठकीत निघालेली एक सूचना सगळ्यांनी घ्यावी अशी आहे. एएव्हीला स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे ७० टक्के अल्कोहोलने हूड पुसून भागत नाही. ताजे हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटे थांबायचे, मग पाण्याने पुसायचे, कचरा ऑटोक्लेव्हला.

पावसाळ्यात शाबूत प्लाझ्मिडवर नवी बॅच निघाली: पाच डिश, १.५ मिली, मिलीमागे ५५ हजार कोटी. मेच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, पण खरे. रेप-कॅप नसलेल्या जोडीत ४० कोटी. के-५६२ पेशी दुसऱ्या दिवशी ६० टक्के हिरव्या. चौदाव्या दिवशी कॅस-९ सह १८ टक्के, कॅस-९ शिवाय १ टक्का. मागवून ठेवलेले नवे गाइड उघडावेच लागले नाहीत.

१८ टक्के पेशी हिरव्या राहिल्या म्हणजे त्या सगळ्यांत डोनर योग्य रीतीने बसला असे नाही. कापलेल्या जागी एएव्हीचा तुकडा आयटीआरसकट, जुळणीविनाही घुसतो हे ठाऊक आहे. म्हणून एक प्राइमर डोनरच्या हाताबाहेर जनुकसंचात आणि दुसरा जीएफपीमध्ये असा पीसीआर, तोही दोन्ही टोकांना वेगवेगळा, आणि प्रत्येक जोडाचे सीक्वेन्सिंग हे पुढचे काम आहे. एकपेशीय वसाहती वाढवायला ९६ खणांच्या प्लेट लागल्या आहेत. डावा जोड अपेक्षित आकाराचा येतो आहे. उजव्या जोडात काही वसाहतींत अपेक्षेपेक्षा मोठा बँड आहे आणि तो आयटीआरचा तुकडा आहे का, हे सीक्वेन्सिंगनंतरच कळेल.